सरकारनं वाचवलेल्या कंपन्या अन् साहेबांचे बोनस: टॅक्सबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचा सचिव म्हणून बरीच वर्षं दप्तर सांभाळलं, आता रिटायर हाओ तरी लोक कागद घेऊन येतेच. कर्जमाफीचा विषय निघाला की पानठेल्यावर कोणी ना कोणी मोबाईल पुढे करते अन् विचारते की मोठ्या कंपन्या बुडाल्या तर सरकार वाचवते, मंग त्यांच्या साहेबांच्या बोनसचं काय, टॅक्स लावून तो परत काहून नाही घेत. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकलं. ज्याला जो प्रश्न पडला तेवढाच वाचा, सगळं वाचायची जबरदस्ती नाही.

बेलआउट म्हणजे कर्जमाफीच ना भाऊ?

नाही. माफीत पैसा गेला तो गेला. बेलआउटमध्ये सरकार कंपनीला कर्ज देते, किंवा शेअर घेऊन मालक होते, किंवा नुसती हमी देते, अन् बरेचदा पैसा परत पण येते. खाली ज्या एआयजी कंपनीची गोष्ट सांगतो तिच्यातून अमेरिकेच्या सरकारनं २०१२ च्या डिसेंबरात शेवटचे शेअर विकले तेव्हा २२.७ अब्ज डॉलर वरून नफा दाखवला. म्हणून "सगळा पैसा खड्ड्यात गेला" असं म्हणू नका, कोणी जाणकार भेटला तर तिथंच अडकाल. भांडण पैसा बुडाला याचं नाहीच, भांडण वेगळं आहे.

मूळ भानगड काय झाली होती?

एआयजी ही अमेरिकेची लय मोठी विमा कंपनी. तिचा एक छोटासा विभाग होता, फायनान्शियल प्रॉडक्ट्स नावाचा, कनेक्टिकट राज्यात अन् लंडनात त्याचे ऑफिस. या विभागानं जगभरच्या बँकांना असं लिहून दिलं होतं की तुमच्याकडचे घरकर्जाचे रोखे बुडाले तर आम्ही भरपाई देऊ. हमी देऊन फी घेत राहिले, बुडालं तर द्यायला पैसा बाजूला काढलाच नाही. २००८ मध्ये अमेरिकेत घरांचे भाव पडले अन् सगळेच एकदम दारात येऊन उभे राहिले. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या रिझर्व्ह बँकेनं म्हणजे फेडनं पहिले ८५ अब्ज डॉलर दिले, बदल्यात ७९.९ टक्के मालकी घेतली, जुन्या सीईओला काढलं अन् एडवर्ड लिडी नावाचा माणूस वर्षाला १ डॉलर पगारावर आणून बसवला. पुढे मदतीचा आकडा वाढत वाढत १८२ अब्जापर्यंत गेला. २००८ च्या शेवटच्या तीन महिन्यात कंपनीला ६१.७ अब्ज डॉलरचा तोटा, तोवरच्या अमेरिकेच्या इतिहासात एका तिमाहीचा सगळ्यात मोठा.

अन् मार्च २००९ मध्ये बातमी आली की त्याच विभागातल्या लोकांना १६.५ कोटी डॉलर बोनस वाटला. त्या वेळच्या भावानं आठशे कोटी रुपयांच्या वर. ज्यांनी खड्डा खणला त्यांनाच बक्षीस, मंग लोकं पेटणार नाही तर काय करणार.

तोट्यातल्या कंपनीत बोनस कशाचा पण?

हा बोनस नफ्याचा नव्हताच, थांबण्याचा होता. २००८ च्या सुरुवातीलाच, म्हणजे सरकार यायच्या आधी, कंपनीनं करार करून ठेवला होता की तुम्ही नोकरी सोडू नका, एवढे एवढे पैसे नक्की देऊ, नफा होवो का तोटा. लिडीचं म्हणणं होतं की मले पण हे आवडत नाही पण सही आमच्या कंपनीची आहे, नाही दिले तर कनेक्टिकटच्या पगार कायद्याखाली ते लोक कोर्टात जाऊन दुप्पट वसूल करतील, अन् हे गुंतागुंतीचे सौदे सोडवायला ज्यांना येते ते पण हेच लोक. न्यूयॉर्कचे अटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी यादी मागवली तर निघालं की ७३ जणांना दहा लाख डॉलर किंवा त्याच्या वर भेटले, अन् त्यातले ११ जण तर नोकरी सोडून गेलेले! थांबण्यासाठीचा बोनस अन् माणूस गेलेला. इथं लिडीच्या सगळ्या समजावण्यावर पाणी फिरलं.

पण १८२ अब्जात १६ कोटी म्हणजे किती, काहून एवढी बोंबाबोंब?

हिशेब केला तर हजार रुपयाच्या मदतीत ९० पैसे. खरा मोठा पैसा दुसरीकडेच गेला, एआयजीच्या हातून तो पुढे बँकांकडे पोचला, एकट्या गोल्डमन सॅक्सला १२.९ अब्ज डॉलर भेटले, रुपयाला रुपया, एक पैसा कट नाही. त्यावर बोनसच्या मानानं दहावा हिस्सा पण आरडाओरड झाली नाही. माणसाला अब्ज दिसत नाही, शेजाऱ्याच्या अंगणातली गाडी दिसते. पण म्हणून लोकांचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही, पैसा त्यांचाच होता.

मंग टॅक्स कसा लावणार होते?

अमेरिकेच्या खालच्या सभागृहानं बातमी आल्यापासून आठवड्याच्या आत, १९ मार्च २००९ ला, बिल पास केलं. ३२८ विरुद्ध ९३. ज्या कंपनीनं सरकारच्या ७०० अब्जाच्या मदत योजनेतून ५ अब्ज डॉलरपेक्षा जास्त घेतले, तिथल्या ज्या कर्मचाऱ्याच्या घरचं उत्पन्न अडीच लाख डॉलरच्या वर, त्याच्या बोनसवर ९० टक्के टॅक्स. अन् तो पण ३१ डिसेंबर २००८ नंतर भेटलेल्या सगळ्या बोनसवर, म्हणजे हातात पडून गेलेल्या पैशावर मागून टॅक्स. फक्त एआयजी नाही, सिटीग्रुप, बँक ऑफ अमेरिका असे बाकीचे पण त्यात येत होते.

९० टक्केच काहून? पूर्ण १०० घ्याचे ना.

त्या सभागृहाच्या टॅक्स पाहणाऱ्या समितीचे अध्यक्ष चार्ल्स रँगेल यांनी सांगितलं होतं की उरलेले १० राज्य अन् शहराचे टॅक्स घेऊन टाकतील.

पास झाला म्हणता, मंग लागला काहून नाही?

वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, अडकला. तिथं दुसरंच बिल शिजत होतं, ३५ टक्के कंपनीनं भरा अन् ३५ टक्के कर्मचाऱ्यानं, ते पण मतदानापर्यंत गेलं नाही. ओबामांनी पण सूर लावला की मूठभर लोकांना धडा शिकवायला टॅक्सचा कायदा वापरणं बरोबर नाही. घटनेचा मुद्दा पण होता, त्यांच्या घटनेत असं आहे की कोर्टात केस न चालवता कायदा करून एखाद्या ठरावीक माणसाला किंवा गटाला शिक्षा देता येत नाही. टॅक्स म्हणायचा अन् शिक्षा करायची, हे कोर्टात टिकलं असतं का नसतं यावर तिथले मोठमोठे वकील दोन्ही बाजूनं बोलत होते. तेवढ्यात राग पण थंड झाला. गंमत म्हणजे त्या बिलाचा नंबर, १५८६, वाया नाही गेला, तोच नंबर घेऊन २०१० मध्ये शिक्षकांच्या नोकऱ्या वाचवायचा अन् राज्यांना मदतीचा कायदा झाला, बोनसचं त्यात काही उरलं नव्हतं.

पैसे देतानीच अट टाकता येत नव्हती का?

हाच खरा प्रश्न आहे अन् हाच कोणी विचारत नाही.

येत होती. सप्टेंबर २००८ मध्ये कंपनी मरायला टेकली होती, फेडनं सांगितलेली कोणती पण अट तिनं मान्य केली असती. ८० टक्के मालकी दिली, सीईओ बदलू दिला, व्याज पण भारी कबूल केलं. त्या रात्री कोणी म्हटलं असतं की जुने बोनसचे करार आधी मोडा नाहीतर पैसा नाही, तर काय केलं असतं त्यांनी? दिवाळं निघालं असतं तर दिवाळखोरीच्या कोर्टात ते करार तसे पण कचऱ्यात जाण्यासारखेच होते. पण नाही विचारलं.

मंग दुसरी संधी फेब्रुवारी २००९ मध्ये आली. मंदीसाठी जे मोठं पॅकेज आणलं त्या कायद्यात सरकारी मदत घेतलेल्या कंपन्यांच्या बोनसवर बंदीचं कलम होतं. पण त्याच कलमात एक वाक्य घुसलं, की ११ फेब्रुवारी २००९ किंवा त्याच्या आधी लेखी करारानं ठरलेल्या बोनसला ही बंदी लागू नाही. एआयजीचे करार २००८ चे. एका वाक्यानं सगळे सुटले. महिनाभरानं जेव्हा आग लागली तेव्हा हे वाक्य कोणी टाकलं यावर तिथं खूप रामायण झालं, सिनेटर ख्रिस डॉड यांनी शेवटी कबूल केलं की सरकारच्या अर्थखात्याच्या सांगण्यावरून मीच बदल केला. ज्या संसदेनं हे वाक्य पास केलं त्याच संसदेनं पाच आठवड्यांनी ९० टक्क्यांचं बिल आणलं.

आपल्याकडे वावर बटईनं देतानी कोण बियाणं आणणार, कोण खत, अन् हिस्सा किती, हे पेरणीच्या आधी पारावर चार लोकांसमोर ठरते. माल बटईदाराच्या घरी गेल्यावर नाही ठरत.

पैसे वापस आले का शेवटी?

काही. लिडीनं विनंती केली की ज्याला एक लाख डॉलरच्या वर भेटले त्यानं निदान अर्धे परत करा. कुओमोनं सांगितलं की सगळ्यात जास्त भेटलेल्या २० पैकी १५ जण तयार झाले. यात कायद्याचा जोर कमी अन् नाव पेपरात छापून येईल याची भीती जास्त.

ज्या गोष्टीनं थोडंफार काम झालं ती वेगळी. जून २००९ मध्ये केनेथ फाइनबर्ग नावाच्या वकिलाला नेमलं, ज्या सात कंपन्यांनी सगळ्यात जास्त मदत घेतली (एआयजी, सिटीग्रुप, बँक ऑफ अमेरिका, जनरल मोटर्स, क्रायसलर अन् या दोन गाडी कंपन्यांच्या फायनान्सवाल्या) त्यांच्या वरच्या २५-२५ लोकांचा पगार त्यानं ठरवायचा. त्यानं रोख पगार सरासरी ९० टक्क्यांच्या आसपास कापला अन् बाकीचं शेअरमध्ये दिलं, ते पण लगेच विकता येणार नाही असे. कंपनी सुधारली तर तुझा शेअर वाढेल. मले विचाराल तर ९० टक्क्यांच्या टॅक्सपेक्षा हे हजारपट शहाणपणाचं होतं, अन् याचा अधिकार त्या फेब्रुवारीच्या कायद्यातूनच आला होता.

इंग्लंडमध्ये तर टॅक्स लागला म्हणते?

हो, पण तिथं बँकेवर लावला, माणसावर नाही. डिसेंबर २००९ मध्ये अर्थमंत्री अलिस्टर डार्लिंग यांनी जाहीर केलं की २५ हजार पौंडाच्या वरच्या बोनसवर बँकेनं ५० टक्के टॅक्स भरायचा, एप्रिल २०१० पर्यंतच. सरकारचा अंदाज होता ५५ कोटी पौंडाचा, जमा झाले ३.४ अब्जाच्या घरात. तिजोरीसाठी मस्त. पण याचा उलटा अर्थ बघा, बँकांनी बोनस कमी केलेच नाही, टॅक्स भरला अन् वाटत राहिल्या. म्हणजे टॅक्सनं पैसा येते, सवय जात नाही.

तिथली आणखी एक गोष्ट, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडला सरकारनं ४५ अब्ज पौंडाच्या वर ओतून वाचवलं अन् तिचा जुना प्रमुख फ्रेड गुडविन वर्षाला ७ लाख ३ हजार पौंडाची पेन्शन घेऊन निघाला. करार पक्का, सरकारला काही करता येईना. लोकांनी त्याच्या घराच्या काचा फोडल्या, शेवटी त्यानंच ती निम्म्यावर आणायला मान्यता दिली.

आपल्या देशात असा मागून टॅक्स लावता येते का?

कायद्यानं पूर्ण बंदी नाही. घटनेचं कलम २० मागल्या तारखेनं गुन्हा ठरवायला मनाई करते, टॅक्सला नाही. संसद मागल्या तारखेचा टॅक्स आणू शकते, फक्त तो मनमानी नको, नाहीतर कलम १४ आडवं येते. पण एकदा आपण हे करून पाहिलं अन् तोंड पोळलं. व्होडाफोनच्या टॅक्सची केस सुप्रीम कोर्टात जानेवारी २०१२ मध्ये सरकार हरलं, मंग त्याच वर्षी कायदाच मागल्या तारखेनं बदलला. आंतरराष्ट्रीय लवादात हरलो, जगभर नाव खराब, अन् २०२१ मध्ये कायदा मागं घ्यावा लागला, त्याच कायद्यात अडकलेल्या केअर्न कंपनीला ७,९०० कोटींच्या आसपास परत करावे लागले. आता कोण्या अर्थमंत्र्याच्या अंगात तो दम राहिला असं वाटत नाही.

आपल्या इथल्या साहेबांना असे बोनस असते का?

सरकारी बँकेत नाही. स्टेट बँकेच्या चेअरमनचा वर्षाचा पगार कोटीत पण जात नाही, खाजगी बँकेचा त्याच्या खालचा माणूस त्याच्यापेक्षा जास्त घेते. सरकारी बँकांना २०१७ मध्ये २.११ लाख कोटींचं भांडवल जाहीर झालं तेव्हा बोनसचा प्रश्न आलाच नाही, प्रश्न होता कोणाला कर्ज वाटलं याचा. तोट्यातल्या सरकारी कंपनीत पण कामगिरीचा बोनस भेटत नाही कारण तो नफ्यातूनच द्यायचा नियम आहे.

खाजगीत मात्र असते. येस बँक ५ मार्च २०२० ला बंद पडायला आली, ५० हजाराच्या वर पैसे काढता येत नव्हते, आमच्याकडे पण काही लोकांचे फोन-पे एका रात्रीत अडकले होते कारण त्या ॲपच्या मागं तीच बँक. स्टेट बँकेला अन् बाकीच्यांना पैसा घालायला लावून वाचवली, अन् ८,४१५ कोटींचे एटी-वन रोखे, म्हणजे बँक अडचणीत आली तर बुडीत काढता येतात असे, शून्य केले. त्यात रिटायर लोकांचे पण पैसे होते, एफडीसारखंच आहे म्हणून त्यांच्या गळ्यात मारलेले. त्या रोख्यांची कोर्टबाजी मंग वर्षानुवर्षं चालली.

चांगली गोष्ट एवढी की रिझर्व्ह बँकेनं त्याच्या आधीच, नोव्हेंबर २०१९ मध्ये, खाजगी बँकांच्या प्रमुखांसाठी नियम काढले, एप्रिल २०२० पासून लागू. एकूण पगारातला किमान अर्धा भाग कामगिरीवर, त्यातला किमान ६० टक्के लगेच न देता कमीत कमी तीन वर्षांवर पसरवून द्यायचा, अन् मागून काही घोळ निघाला तर न दिलेला रोखायचा अन् दिलेला परत घ्यायचा. त्याच्या आधी पण २०१९ मध्ये आयसीआयसीआय बँकेनं आपल्या माजी प्रमुखाकडून एप्रिल २००९ पासूनचे बोनस परत मागितले होते, ती बुडलेली बँक नव्हती पण हत्यार तेच. करारातच लिहून घेतलं की टॅक्सची गरज पडत नाही.

आपल्या जिल्हा बँका पण सरकारनंच वाचवल्या ना?

हो. नागपूर, वर्धा, बुलढाणा, तिन्ही जिल्हा मध्यवर्ती बँकांना लायसन नव्हतं, लोकांच्या ठेवी अडकल्या, मास्तरांचे पगार अडकले. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रानं देशातल्या अशा २३ बँकांसाठी २,३७५ कोटींची योजना मंजूर केली, महाराष्ट्रातल्या या तीनच. यात केंद्र, राज्य अन् नाबार्ड तिघांनी पैसा टाकला, अन् करार होता, ठेवी वाढवा, थकबाकी कमी करा. नागपूरच्या बँकेचा रोखे घोटाळा २००२ चा, दीडशे कोटींच्या घरातला, त्याची शिक्षा डिसेंबर २०२३ मध्ये झाली. एकवीस वर्षं! तोवर कित्येक ठेवीदार स्वर्गात गेले.

मंग बँकेच्या शिपायाचा दिवाळी बोनस पण कापायचा का?

नाही बाप्पा. हा गोंधळ लय लोक करते. कामगाराचा बोनस १९६५ च्या कायद्यापासून चालत आला, किमान ८.३३ टक्के अन् जास्तीत जास्त २० टक्के, तो त्याच्या पगाराचाच हिस्सा समजा. बँक बुडवायचा निर्णय कॅशियर घेत नाही.

पगार कापला तर हुशार लोक पळून जातील म्हणते, खरं का?

थोडं खरं आहे, फाइनबर्गच्या वेळी काही गेले पण. पण सात कंपन्यांपैकी कोणती त्यामुळे बुडली असं झालं नाही. अन् ज्या हुशारीनं ६१ अब्जाचा तोटा केला ती दुसरीकडे गेली तर जाऊ द्या ना.

कर्जमाफीशी याची बरोबरी करणं बरोबर आहे का?

पैशात नाही, अटीत आहे. २००८ ची केंद्राची माफी आठवा. दोन हेक्टरपर्यंत पूर्ण माफ, त्याच्या वर असेल तर ७५ टक्के आधी भरा मंग २५ टक्के सूट, कोरडवाहू जिल्ह्यात २५ टक्के किंवा २० हजार यातलं जे जास्त ते. आपल्याकडे कोरडवाहू, सात-आठ एकरवाला कास्तकार पश्चिम महाराष्ट्रातल्या दोन एकर ऊसवाल्यापेक्षा गरीब, पण कागदावर तो मोठा. ज्या विदर्भाच्या नावानं माफी आली तोच अर्धा बाहेर. २०१७ ला राज्याच्या माफीत दीड लाखाची मर्यादा, वरचे आधी भरा, कुटुंब एकच धरणार, नवरा-बायको दोघं सेवा केंद्रात हजर पाहिजे. आमच्या इथं केंद्राबाहेर लाईन, आत मशीनवर म्हाताऱ्याचा अंगठा उमटत नव्हता, जन्मभर पऱ्हाटी उपटून बोटाच्या रेघाच गेल्या होत्या, पोरगं ओल्या फडक्यानं अंगठा पुसून परत परत लावून राहिलं होतं अन् मशीन लाल. दीड लाखासाठी अंगठा, आधार, सातबारा, मंग ग्रीन लिस्टची वाट.

अन् तिकडे ८५ अब्ज देतानी एक ओळ लिहायची राहून गेली.

कास्तकाराला अट लावू नका असं मी म्हणत नाही, सार्वजनिक पैसा आहे. पण तोच न्याय वर पण लावा. पैसा सोडायच्या आधी लिहून घ्या की सरकारचा पैसा फिटेपर्यंत वरच्यांना रोख बोनस नाही, जुने करार रद्द, दिलेला गेल्या दोन-तीन वर्षांचा परत. हे झालं तर ९० टक्के टॅक्सचा तमाशा करावाच लागत नाही. मागून लावलेला टॅक्स म्हणजे आधी झोपलो होतो याची पावती.

आपण कुठं विचारायचं मंग?

अमेरिकेचं सोडा. तुम्ही सोसायटीचे सभासद असाल तर वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरच्या आत होते, अहवालात नफा-तोटा पत्रक असते, त्यात सभा भत्ता, प्रवास खर्च, सानुग्रह, मानधन अशा ओळी बघा. सोसायटी तोट्यात अन् प्रवास खर्च वाढून राहिला तर उभं राहून विचारा, अन् विचारलेलं इतिवृत्तात लिहायला लावा. जिल्हा बँकेत तुमच्या सोसायटीचा प्रतिनिधी मत टाकायला जाते, त्याला पण हेच विचारा. लिस्टेड कंपनीचे दोन-चार शेअर असतील तर वार्षिक अहवालात एमडीचा पगार कर्मचाऱ्याच्या मधल्या पगाराच्या किती पट आहे हे छापलेलं असते, ते पान शोधा. सभेला गेले नाही, नुसता चहा-पोहे खाऊन सही करून आले, तर मंग माझ्याकडे येऊ नका.